उसाच्या ट्रॉलीमागची नावं

नसीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या कोर्टात बाररूममध्ये बसून एका ड्रायव्हरच्या उलटतपासाची तयारी करत होते. फोन रियाजचा, तिच्या धाकट्या भावाचा. "वंदाताई, आपा गेली. संध्याकाळी असरच्या नमाजनंतर नेणार आहेत. निघा लगेच." एवढंच बोलला. काळा कोट तसाच अंगावर ठेवून मी गाडी काढली. चौफुल्याला पोचले आणि मोबाइल वाजला, वाटलं पुन्हा रियाजच असेल, म्हणून बाजूला थांबले. तर तालुक्याच्या ग्रुपवरचा मेसेज. नसीमचा फोटो, दोन्ही बाजूंना पणत्या, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि तिच्या डोक्याच्या वर, ठळक, रस्ता सुरक्षा अभियानाचं बोधचिन्ह. तेच अभियान, ज्यानं तिच्या कामाचा गळा घोटला. बाई अजून जमिनीत गेली नव्हती आणि यांचं चिन्ह तिच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वाचकहो, असा लेख लिहिताना माणसानं हळवं व्हावं असा रिवाज आहे. जमेल तिथं होईन. पण इतके आठवडे झाले तरी माझा राग उतरलेला नाही, आणि खरं सांगू का, तो उतरावा असं मला वाटतही नाही.

नसीम मणियार शिरूरची. घोडनदीच्या बाजारपेठेत तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान, आता ते रियाज चालवतो. मी वरवंडची. आमची गाठ पुण्यात पडली, मुलींच्या वसतिगृहात, एकाच खोलीत. ती मानसशास्त्र शिकायची, मी कायदा. मी भांडखोर, ती शांत. निदान पहिले काही दिवस मला तसं वाटलं होतं. मग कळलं की ती शांत वगैरे काही नाही, तिचं डोकं फक्त दुसऱ्या दिशेनं चालतं. आमच्या मेसमध्ये पाण्याचे दोन मोठे माठ होते. मुली त्यात सरळ पेला बुचकळायच्या. रेक्टरबाईंनी भिंतीवर लिहून ठेवलेलं, 'माठात पेला बुडवू नये, ओगराळे वापरावे.' कुणी वापरायचं नाही. मग बोर्ड मोठा झाला, मग लाल अक्षरात आला, मग रेक्टरबाई जेवणाच्या वेळी स्वतः उभ्या राहून ओरडायला लागल्या, "खेड्यातून आलेल्या मुली, तुम्हाला सवयच नाही स्वच्छतेची!" मी भांडायला उठणार होते. नसीमनं मला खाली बसवलं, उठली आणि दाराच्या मागं पार कोपऱ्यात खिळ्याला अडकवलेलं ओगराळं काढून आणलं. ते कुठं टांगलंय हे अर्ध्या मुलींना माहीतच नव्हतं. तिनं ते सुतळीनं माठाच्या झाकणालाच बांधून टाकलं. झाकण उचललं की ओगराळं हातात. संपलं. त्या दिवसापासून कुणी पेला बुडवला नाही. पण रेक्टरबाईंनी तो लाल बोर्ड काही काढला नाही, आणि पुढं ट्रस्टी बघायला आले तेव्हा "आम्ही मुलींना वळण लावलं" असं त्यांनीच सांगितलं. नसीम हसली. मी मात्र आठवडाभर धुमसत होते.

तिला हे कुठून सुचतं असं मी विचारलं, तर म्हणाली, "अब्बांच्या दुकानातून." बांगडी भरताना ते बाईशी गप्पा मारत राहायचे. लेकीचं कुठं ठरलं, यंदा कांदा कसा आहे, जावई आला होता का... बाई बोलण्यात रमली की हात सैल पडतो आणि बांगडी आपोआप मनगटावर जाते. "जोर लावला की काच फुटते आन् हातपण कापतो, वंदे. आणि नवशिका काय म्हणतो माहितेय? बाईचा हातच कडक आहे." पुढं मी तिची कितीतरी भाषणं ऐकली, परदेशातल्या संशोधनाची नावं घेतलेली, पडद्यावर आलेख दाखवलेली. पण तिचं सगळं शास्त्र मला त्या एका वाक्यात पहिल्यांदा समजलं होतं.

शिकून ती शिरूरलाच परत आली, कॉलेजात शिकवू लागली. मी दौंडला वकिली सुरू केली. काही वर्षांनी सरकारला एकाएकी साक्षात्कार झाला की योजना कागदावर चांगल्या असतात पण लोक त्या वापरत नाहीत, तर लोकांच्या वागण्याचा अभ्यास करायला हवा. जिल्ह्यात एक कक्ष निघाला, आणि नसीमला कंत्राटावर त्यात घेतलं. बाजारपेठेतले लोक त्याला 'वळण लावायचं खातं' म्हणायचे. नसीमला ते नाव अजिबात आवडायचं नाही. ती म्हणायची, वळण लोकांना नाही लावायचं, कचेरीला लावायचंय. पहिल्याच बैठकीत, मला तिनंच सांगितलेलं, कक्षाचे प्रमुख साहेब म्हणाले, "मॅडम, प्रॉब्लेम एकच आहे. लोकांची मानसिकता." हा शब्द ऐकला की तिचं डोकं फिरायचं. शौचालय बांधून वापरत नाहीत, मानसिकता. लस घेत नाहीत, मानसिकता. निराधार योजनेच्या म्हाताऱ्या हयातीचा दाखला द्यायला येत नाहीत, मानसिकता! अहो, ज्या म्हातारीचं पोट त्या पैशावर आहे ती काय मजा म्हणून येत नाही? नसीम गेली आणि सकाळी त्या म्हाताऱ्यांच्या रांगेत उभी राहिली. बाजाराच्या दिवशी पहिल्या एसटीनं मेथीची गाठोडी घेऊन आलेल्या बाया, कचेरी उघडेपर्यंत भाजी सुकणार, म्हणून आधी बाजारात बसायच्या, आणि भाजी संपेपर्यंत परतीची गाडी लागलेली असायची. तिनं सांगितलं, दाखल्याचं टेबल बाजारात टाका. एक टेबल, एक माणूस, एक शिक्का. टाकलं, आणि म्हाताऱ्या आल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "बघा, मानसिकता बदलली!" सांगा आता, डोकं आपटायचं कुठं?

आता ट्रॉलीचं सांगते, कारण तेच सांगायला बसले आहे. माझ्या वकिलीतला मोठा भाग म्हणजे अपघाताच्या केसेस. आमच्या भागात कारखाने सुरू झाले की चौफुला-न्हावरे-शिरूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, मागं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, लोंबतंय. दिवेलागणीनंतर मागून येणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. आणि मागून येतात कोण? रांजणगावच्या कंपन्यांतली पोरं, शिफ्ट सुटून मोटरसायकलवर घरी निघालेली. पुढून गाडीचा उजेड डोळ्यांत, आणि मधेच तो काळा ढीग. ट्रॉलीला रिफ्लेक्टर असतो, नाही असं नाही. ट्रॉलीच्या फाळक्यावर, मागच्या झडपेवर असतो, आणि फाळकं उसाखाली झाकलेलं असतं! कायदा पाळलेला, पोरगा मेलेला. दर हंगामात एखादी आई माझ्यासमोर येऊन बसायची, आणि दर हंगामाआधी साहेब लोक ड्रायव्हरांना गोळा करून रिफ्लेक्टर वाटायचे, शपथ द्यायचे, फोटो काढायचे. मी एकदा नसीमला फोनवर शिव्याच घातल्या. "तुझं ते शास्त्र काय चाटायचंय का? इथं पोरं मरतायत." ती म्हणाली, "रविवारी येते. मला कारखान्यावर घेऊन चल."

गेलो. यार्डात ट्रॅक्टर नंबर लावून उभे होते, ड्रायव्हर चहा पीत बसलेले. नसीम सरळ ट्रॉल्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. बराच वेळ नुसती बघत होती. मग पुढं आली आणि पुढून बघत राहिली. ट्रॅक्टरची पुढची बाजू म्हणजे नवरदेव हो! देवाचं नाव, गोंडे, रंगीत लाइटच्या माळा, लिंबू-मिरची, स्पीकर. मागं सगळा अंधार. न्हावऱ्याकडचा भरत म्हणून एक ट्रॅक्टरमालक होता, स्वतःच चालवायचा. नसीमनं त्याला विचारलं, "दादा, पुढं एवढं सजवलंय, मागं काहीच नाही?" तो म्हणाला, "मागं कोण बघतंय मॅडम? आन् मला तरी कुठं दिसतंय?" मी तोंड उघडणार होते, मागून येणारा बघतो म्हणून. नसीमनं मला कोपर मारलं आणि त्याला म्हणाली, "बरं, समजा मागं एकच शब्द लिहायचा झाला, अगदी मोठ्ठा, लांबून चमकणारा, तर काय लिहाल?" भरत लाजला. बाप्या माणूस, मिशा एवढाल्या, आणि लाजला. म्हणाला, "पोरीचं नाव लिहीन की. कार्तिकी."

झालं. नसीमनं दुसऱ्याच दिवशी शिरूरच्या स्टँडजवळच्या रेडियमवाल्याकडून पत्र्यावर वीतभर उंचीची अक्षरं करून घेतली, 'कार्तिकी', आणि वर दोन लोखंडी आकडे लावले. ऊस भरून दोर आवळला की त्या दोराला पाटी अडकवायची, म्हणजे ती वाढ्याच्याही बाहेर येते. कायदा नाही, दंड नाही, शपथ नाही. भरतनं लावली. त्याचं बघून दुसऱ्यानं मागितली. रिफ्लेक्टर सीटखाली टाकणारा माणूस पोरीचं नाव सीटखाली टाकत नाही हो! एकजण ऊस भरून गाववेशीपर्यंत आला आणि पाटी राहिली म्हणून माघारी फिरला, कारण "लेक इचारंल ना, माझं नाव कुठं हाय?" त्या हंगामात संध्याकाळी त्या रस्त्यावर गाडी चालवावी... लांबून अक्षरं दिसायची. आराध्या. समर्थ. सानिया. ईश्वरी. एकामागं एक, सावकाश हलत जाणारी पोरांची नावं. आणि मागचा मोटरसायकलवाला आपोआप ब्रेकवर पाय ठेवायचा. त्या वर्षी त्या रस्त्यावरची नवी केस माझ्याकडे आली नाही. "तुझा धंदा बसवला मी," असं नसीम चिडवायची, आणि मी म्हणायचे, बसू दे, आगीत जाऊ दे तो धंदा.

आणि मग आयत्या बिळावर नागोबा आले. कुणीतरी वर फोटो पाठवला. त्याचं 'मॉडेल' झालं. पुण्यात सादरीकरण झालं, साहेबांच्या गळ्यात हार पडला, नसीम तिसऱ्या रांगेत बसलेली. तिथवर ठीक. तिला हाराची हौस नव्हती. पण त्याच पावसाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला, आणि ती उपचाराला पुण्यात गेली. ती तिकडं, आणि इकडं साहेबांनी पाटी 'सुधारली'. का? तर नावांत एकसारखेपणा नाही. कुणाची मोठी, कुणाची छोटी, कुणी पोरीचं लिहितंय, कुणी आईचं, एकानं तर बैलाचं लिहिलं होतं. शासनाच्या उपक्रमाला हे शोभत नाही म्हणे! मग नवी पाटी आली, पत्र्यावर डकवलेला फ्लेक्स. वर मान्यवरांचे फोटो, मधे अभियानाचं नाव, खाली घोषवाक्य, आणि रेडियमची एक पट्टी कोपऱ्यात, बिंदीएवढी. जुन्या पाट्या 'अनधिकृत' ठरल्या. एका ट्रॉलीला एकच पाटी, आणि ती सरकारी. कारखान्याच्या गेटवर बघायचे, पाटी आहे ना, मगच आत. ड्रायव्हर गेटवर दाखवायचे आणि बाहेर पडलं की काढून सीटवर टाकून वर बसायचे. का नाही बसणार? साहेबांचं तोंड मिरवायला त्यांनी का ऊस भरलाय? ज्या गोष्टीनं काम होत होतं नेमकी तीच काढून टाकली या लोकांनी, आणि उरलेल्याला सुधारणा म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकणारे!

त्या हंगामात विशाल गेला. मांडवगणकडचा, वेल्डर होता, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शिफ्ट सुटून येताना मोटरसायकलसकट ज्या ट्रॉलीवर आदळला तिच्यामागं काही नव्हतं, पाटी सीटवर होती. त्याची आई माझ्या ऑफिसात येऊन बसली, आणि पाणी मी तिला द्यायच्या ऐवजी तिनंच मला दिलं. मग साहेबांनी बैठक घेतली, मी मुद्दाम गेले. साहेब म्हणाले, "आपण पाटी दिली होती. चालकानं लावली नाही. शेवटी काय, मानसिकता." मी उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, गेल्या साली हाच चालक पाटी लावत होता. तेव्हा मानसिकता काय उसनी आणली होती का त्यानं?" चहा आला. सगळ्यांनी बिस्किटं घेतली.

हे नसीमला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. पण तिला कळलंच. मी शेवटची भेटले ती शिरूरला, तिच्या घरी. पुण्याच्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर तिला घरी आणली होती. दुकानावरची माडी, खिडकीतून बाजारपेठेचा गलका, आणि ती पलंगावर एवढीशी होऊन पडलेली. हात बघवत नव्हते. मला वाटलं होतं, बोलू जुनं काहीबाही, वसतिगृहातलं. तिनं विचारलं, "विशाल आदळला त्या ट्रॉलीमागं काय होतं, वंदे?" मी म्हणाले, "सोड ना आता." "काय होतं?" मी सांगितलं. तिनं डोळे मिटले. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती, चिडली होती. एवढी चिडलेली नसीम मी कधी पाहिली नव्हती. धाप लागत होती तरी बोलत राहिली. "त्यांना वाटतं मी त्यांना युक्ती दिली. युक्ती नव्हती ती... बापाचा जीव होता त्यात. तो काढला आन् पत्रा ठेवला." मग माझं मनगट धरलं. "ती नावं परत लाव. तू भांडकुदळ आहेस, तुला जमेल. आन् ऐक, मी गेल्यावर माझ्या नावानं काही करू देऊ नको त्यांना. काही म्हणजे काहीच. माणसाची पूजा सुरू झाली की काम मरतं." मी म्हणाले, वेडी आहेस का, बरी होशील. खोटं बोललो आपण की आजारी माणसाला लगेच कळतं. ती हसली आणि अम्मींना म्हणाली, "वंदाला चहा द्या, साखर जास्त, म्हणजे जरा गोड बोलेल."

दफन झालं. मी बायकांत बसले होते, माडीवर. अम्मींनी माझा कोट बघितला आणि म्हणाल्या, "कोर्ट सोडून आलीस का गं बेटा?" बस, तेवढ्यावर मी हंबरडा फोडला.

आणि दोन आठवड्यांनी सरकारी शोकसभा. सभागृह, समई, हार घातलेला फोटो. पहिल्या रांगेत अम्मी आणि रियाज, शेजारी मी. मागं भरत आणि बरेच ट्रॅक्टरवाले, धुतलेले कपडे घालून आलेले. साहेब बोलायला उठले. म्हणाले, "मॅडम गेलेल्या नाहीत. यंदाच्या हंगामात त्या प्रत्येक ट्रॉलीच्या मागे असतील." आणि पडदा बाजूला केला. नवी पाटी. नसीमचा हसरा फोटो, पत्राभर. खाली 'नसीम मॅडम स्मृती सुरक्षा अभियान'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेब म्हणाले, "आता आपण शपथ घेऊ. सर्वांनी उभं राहून उजवा हात पुढे करावा." सगळं सभागृह उभं राहिलं, सगळे हात पुढं झाले. आणि अम्मींनी, त्यांना कमी ऐकू येतं, त्यांना वाटलं दुवा मागतायत, दोन्ही तळहात उघडून वर धरले. ओठ हलत होते. तिकडं साहेब 'मी अशी शपथ घेतो की' म्हणत होते, आणि इकडं ही म्हातारी आपल्या लेकीसाठी देवाकडं काहीतरी मागत होती...

मी ओरडले. "थांबवा हे!" माइक नव्हता, पण माझ्या आवाजाला कधी माइक लागला नाही. मी म्हणाले, तिनं मला स्वतः सांगितलंय, माझ्या नावानं काही करू नका. पोरांची नावं परत लावा, एवढंच तिचं मागणं होतं. हा फ्लेक्स दिव्यात चमकत नाही. तुम्ही मेलेल्या बाईच्या तोंडामागं लपताय. साहेब शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो." भावना! मी पुढं सरकले तर अम्मींनी माझा पदर ओढला. "बैठ जा बेटा. आज नको." मी बसले. अम्मींसाठी बसले, नाहीतर त्या दिवशी त्या समईचं काही खरं नव्हतं.

परवा कारखान्याची मोळी पडली, गाळपाचा हंगाम सुरू झाला. ऊन कलल्यावर मी न्हावऱ्याच्या चौकात जाऊन उभी राहिले. पहिलाच ट्रॅक्टर आला तो भरतचा. आणि पुढं, नाकावर, नसीमचा फोटो. झेंडूचा हार घातलेला, वर लाइटची माळ फिरवलेली. मी ट्रॅक्टरला हात केला. तो थांबला आणि मोठ्या आशेनं माझ्याकडं बघू लागला, मी काहीतरी चांगलं म्हणेन म्हणून. मी मागं गेले. मागं काळा ऊस. काही म्हणजे काही नव्हतं. त्याच्यामागचा दुसरा ट्रॅक्टर आला, तोही तसाच. तिसराही. सगळ्यांच्या नाकावर नसीम, सगळ्यांच्या पाठी अंधार.

"भरत, पाटी मागं लावायची असते ना रे?"

"ताई, मॅडमचा फोटो मागं कसा लावायचा?" त्याला माझंच नवल वाटलं. "मागं धूळ, धूर. लोकं हॉर्न मारत्यात, शिव्या घालत्यात. देवमाणूस व्हती ती."

"आणि कार्तिकीची पाटी?"

"एकच पाटी ठेवा म्हन्ले. मग मॅडमची ठिवली. पोरीचं काय, पोरगी घरीच हाय."

साहेबांच्या पाटीवर हे लोक बसायचे. नसीमच्या पाटीला त्यांनी हार घातला, आणि तिच्यासाठी स्वतःच्या पोरीचं नाव उतरवलं. आयुष्यात इतकी चीड आली नव्हती आणि ती काढायला समोर एकही लायक माणूस नव्हता. साहेब त्या वेळी दुसरीकडं कुठंतरी हार घालून घेत असणार. मी पुढं गेले आणि हार काढून भरतच्या हातात दिला. पाटी उतरवली. "ताई, गेलेल्या माणसाचा फोटू उतरिवता?" बाकीचे ड्रायव्हरही उतरून आले, एकदोघं कुरकुरायला लागले. मी कुणाचं ऐकलं नाही. चौकात नंबरप्लेट करणाऱ्याचं दुकान आहे, तिथं गेले, पाटी पालथी घातली आणि मागच्या कोऱ्या पत्र्यावर वीतभर उंचीची रेडियमची अक्षरं चिकटवून घेतली. कार्तिकी. गेटवरच्या माणसाला सरकारी पाटी बघायची आहे ना, हीच आहे. एका ट्रॉलीला एकच. सरकारी फलक विद्रूप केला म्हणून नोटीस येणार असेल तर येऊ दे. माझा पत्ता साहेबांना माहीत आहे, आणि कोर्ट तर माझ्या घरासारखंच आहे.

भरत ट्रॉलीच्या मागच्या दोरावर चढला. मी खालून पाटी दिली. अक्षरं रस्त्याकडं, फोटो उसाकडं. त्यानं एक आकडा अडकवला आणि थांबला.

"ताई, मॅडमचं तोंड उसात दाबल्यावानी वाटतंय वो."

"मला पण वाटतंय, भरत," मी म्हणाले. "बांध."